कंपनीत लागलेले शहर

मराठवाड्यात मुलगा कमावता झाला हे सांगायची एक ठरलेली तऱ्हा आहे: “कंपनीत लागला.” कोणती कंपनी, काम काय, कायम की कंत्राटी, हे प्रश्न मागाहून येतात. सोयरिकीच्या बैठकीत हे दोन शब्द पडले की कोरडवाहू जमिनीचा विषय आपोआप मागे सरतो. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याच्या खेड्यांत हे दोन शब्द ऐकले की डोळ्यांसमोर बहुतेकदा एकच शहर येते, पूर्वीचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

हे शब्द इथे कधी रुजले, असे जाणत्यांना विचारले तर बहुतेक जण १९८५ हे साल सांगतात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नगर रस्त्यावर वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. जानेवारी १९८४ मध्ये पायाभरणी झाली होती. दोन वर्षांच्या आत माळरानावर कारखाना उभा राहिला आणि गाड्या बाहेर पडू लागल्या. शहराच्या आठवणीत त्या दिवसाला जन्मदिवसाचा मान आहे.

मान योग्यच आहे. पण कारखाना दोन वर्षांत उभा राहतो, शहर राहत नाही. पाणी कुठून आले, रस्ता कुणी केला, यंत्रापुढे उभे राहणारे हात कुठे शिकले, आणि कारखाना इथेच यावा म्हणून कोण झगडले, याचा माग काढला तर १९८५ च्या मागे बरेच लांब जावे लागते.

आधी त्या वर्षीचे शहर पाहू. १९८१ च्या जनगणनेत त्याची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. महानगरपालिका डिसेंबर १९८२ मध्ये स्थापन झाली होती, पण तिची पहिली निवडणूक व्हायला १९८८ उजाडायचे होते. म्हणजे ज्या वर्षी हजारो माणसांचे लोंढे येऊ लागले, त्या वर्षी शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता आणि प्रभागाचे गाऱ्हाणे घेऊन जावे असा नगरसेवक कुणाला नव्हता. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये आले होते. सिडकोची वसाहत जुन्या शहराच्या पूर्वेला एन-वन, एन-टू अशी आकड्यांनी वाढत होती. पेठा आणि पुरे यांच्या शहराला आकड्यांच्या पत्त्यांची सवय होत होती. रेल्वे मात्र मीटरगेज होती. मुंबईहून आलेला माल मनमाडला मोठ्या लाइनवरच्या वाघिणीतून उतरवून छोट्या लाइनवर चढवावा लागे. त्यामुळे कारखानदारांचा भरवसा रेल्वेपेक्षा मालमोटारीवर होता. वाळूजची जागा पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि बजाजचा मूळ कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला, हे ध्यानात घेतले की ही निवड सहज उलगडते.

बजाजला दुसरा कारखाना हवा होता, कारण चेतक स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत होते. उत्पादनाला परवान्याची मर्यादा आणि मागणी अफाट, असा तो काळ होता. मुलगी लहान असताना स्कूटरची नोंदणी करायची, म्हणजे लग्नात जावयाला देता येईल, असे घराघरांत बोलले जाई. त्या वाट पाहण्याचे उत्तर म्हणून वाळूजची जमीन सपाट झाली.

आता मागे जाऊ.

या शहराचे पहिले यंत्र कोणते, असे विचारले तर मी पाणचक्कीकडे बोट दाखवीन. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. निजामशाहीच्या या हबशी वजिराला ठाऊक होते की कमी पावसाच्या या मुलखात तटबंदीआधी पाणी लागते. उत्तरेच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर त्याने बांधली. पुढे या पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला पाणी आणणाऱ्या नहरीवर अठराव्या शतकात चक्की बसवली गेली. उंचावरून पडणारे पाणी खालचे चाक फिरवी आणि वरची जाती दळत. दर्ग्यातले फकीर, वाटसरू आणि गोरगरीब यांची भाकरी त्या पिठाची असे. डोंगराचा उतार आणि पाण्याचा दाब एवढ्याच बळावर ते चाले. इथल्या लोकांनी निसर्गाच्या शक्तीला कामाला लावल्याचा तो ठसठशीत पुरावा आहे.

हातांची गोष्ट त्याहून जुनी आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा तिच्यामागे विणकर आले असे हिमरूची परंपरा सांगते. रेशीम आणि सूत एकत्र विणून किनखापाचा देखणेपणा कमी खर्चात आणायचा, ही हिमरूची युक्ती. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात चिंध्यांचा लगदा करून हातकागद बनत असे. पैठणला सातवाहनांच्या काळापासून कापडाचा व्यापार होता, आणि पैठणीचा माग पुढे तिथेच प्रसिद्धीला आला. १६५३ पासून औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथे दुसऱ्यांदा राहिला आणि शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. लष्कर आणि दरबार आला की कापड, कागद, जरी यांना गिऱ्हाईक मिळते. पुढे निजामाची राजधानी इथून हैदराबादला गेली आणि गिऱ्हाईकही गेले. हात इथेच उरले, त्यांना काम कमी झाले. कुठल्या तरी एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर जगणे म्हणजे काय, हे या शहराने तेव्हा पहिल्यांदा अनुभवले.

वाफेवर चालणारी कापडगिरणी इथे १८८९ मध्ये आली. कताई आणि विणाई दोन्ही करणाऱ्या या गिरणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ७०० माणसे कामाला होती. १९०१ मध्ये उपनगरे आणि छावणी धरून शहराची वस्ती ३६,८३७ होती. त्या मानाने ७०० हा आकडा लहान नाही. घड्याळावर चालणारी पाळी, हजेरी आणि ठरल्या दिवशी मिळणारा पगार, या तिन्ही गोष्टी शहराला या गिरणीने दाखवल्या. ‘कंपनीत लागणे’ या शब्दांचे मूळ शोधायचे तर ते इथे सापडते.

१९०० मध्ये मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. त्याच सुमारास १८९९-१९०० च्या दुष्काळाने मुलूख होरपळला होता. रेल्वेबरोबर जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले, पण त्यांची दाटी जालन्याला झाली. तिथे ९ जिनिंग कारखाने आणि ५ प्रेस झाले, तर औरंगाबादच्या वाट्याला मोजकेच आले. १९०१ मध्ये जिल्ह्यातल्या अशा कारखान्यांत १,०१६ माणसे होती. सरकी काढून, गाठी दाबून कापूस मुंबईला रवाना व्हायचा. शेतातला माल बाहेर नेण्याची सोय रेल्वेने केली. त्या मालाचे कापड इथेच विणून इथल्या माणसाच्या हाती चार पैसे ठेवावेत, असा उद्योग मात्र त्या एका गिरणीपलीकडे फार वाढला नाही. मराठवाड्याच्या पुढच्या साऱ्या तक्रारीचे बीज इथे आहे. आपला कापूस जातो आणि त्यामागून आपली पोरे पोटासाठी जातात, ही ती तक्रार.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. मुक्तीनंतर पहिली मोठी भर पडली ती शिक्षणात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. नागसेनवनातल्या त्या वर्गांत ज्यांच्या घरात आधी कुणी शाळा पाहिली नव्हती, अशी मुले बसली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आले आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यावेळी या अभियंत्यांना गावात काम देईल असा कारखाना जवळपास नव्हता. शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईची गाडी धरी. तरीही मी या संस्थांना औद्योगिक शहराचा पाया मानतो. यंत्र परगावाहून मागवता येते, ते समजून घेणारी पिढी मागवता येत नाही. ती वीस-पंचवीस वर्षे आधी शाळेत घालावी लागते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. रेल्वे स्टेशनजवळ आणि मग चिकलठाण्याला प्लॉट पडले. १९६८ मध्ये सुरू झालेल्या निर्लेपने न चिकटणारा तवा मराठी स्वयंपाकघरात नेला. औषधांचे कारखाने आले, त्यांतल्या ल्युपिनचा १९८० मध्ये. मराठवाड्यातल्या उद्योजकांची संघटनाही त्याच काळात आकाराला आली. पत्र्याची शेड, दोन लेथ, चार कारागीर आणि मालक स्वतः मशीनवर, असे कितीतरी उद्योग चिकलठाण्याच्या गल्ल्यांत उभे राहिले. १९८५ मध्ये बजाजला सुटे भाग बनवून देणारी माणसे लागली, तेव्हा मायक्रोमीटर हातात धरायला शिकलेली एक पिढी इथे तयार होती.

पाण्याचे काय? १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. मातीच्या या धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर आणि पोटात शंभर टीएमसीच्या आसपास पाणी. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी, घरे, देवळे धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, गेली. धरण बांधले शेतीसाठी, पण शहराच्या आणि कारखान्यांच्या नळाचे तोंडही त्यालाच लागले. मलिक अंबरचे पाणी उतारावरून आपसूक येई. जायकवाडीचे पाणी पन्नासएक किलोमीटर चढावर, विजेच्या पंपांनी ढकलून आणावे लागते. चिकलठाणा, वाळूज आणि पुढे शेंद्रा यांच्या प्रत्येक प्लॉटमागे त्या बुडालेल्या गावांचा वाटा आहे. कारखान्याच्या कोनशिलेवर त्यांचे नाव नसते. ते असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

धरणाचे काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या पिढीतले कितीतरी जण गावी परतले नाहीत, त्यांनी शहराची वाट धरली. त्याच सुमारास सिडकोला इथे नवे शहर वसवायचे काम मिळाले. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतला गोळीबार झाला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातल्या नेत्यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेमार्फत त्या असंतोषाला मागण्यांचे रूप दिले. त्यांत मोठी रेल्वे लाइन होती, उद्योग होते, नोकऱ्या होत्या, विकास मंडळ होते.

पुढे राज्य शासनाने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. राज्याचा एकूण विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा, त्यात मराठवाड्याचा साडेसातशे कोटींच्या आसपास, असे तिने मोजून दाखवले. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा गोष्टींत हा भाग किती मागे आहे, ते पहिल्यांदा रुपयांत लिहिले गेले. ज्या वर्षी हा हिशेब आला, त्याच वर्षी वाळूजला पायाभरणी झाली.

हा निव्वळ योगायोग नव्हता. पुण्या-मुंबईबाहेर कारखाना काढणाऱ्याला विक्रीकरात सवलत देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून होती, आणि १९८३ मध्ये ती नव्याने आली. शासनाची सवलत, महामंडळाची जमीन, नाथसागराचे पाणी, पुण्याचा रस्ता आणि हाताशी असलेले मनुष्यबळ, या पाच गोष्टी एका ठिकाणी जुळल्या. त्यांतली एकही बजाजने निर्माण केली नव्हती. त्या जुळून आल्यावर निर्णय घ्यायचे धाडस मात्र बजाजने दाखवले, आणि त्याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

१९८५ चा खरा परिणाम कारखान्याच्या भिंतीबाहेर दिसला. बजाज ऑटोचे तेव्हाचे प्रमुख राहुल बजाज यांचे भाचे अनुरंग आणि तरंग जैन यांनी त्याच वर्षी औरंगाबादेत दोन ॲल्युमिनियम डायकास्टिंग मशीनवर काम सुरू केले. त्यातून एंड्युरन्स आणि पुढे १९९० च्या सुमारास व्हेरॉक उभी राहिली. आज या दोन्ही वाहनांचे भाग बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्या आहेत आणि परदेशातही त्यांचे कारखाने आहेत. त्यांच्याखाली मध्यम, त्यांच्याखाली लहान, आणि सगळ्यांत खाली जॉबवर्क करणारी एका शेडची मंडळी, अशी उतरंड लागली. एका स्कूटरला शेकडो भाग लागतात, आणि प्रत्येक भागामागे एक शेड असते. गिरणीने ७०० माणसांना पगार दिला होता. या उतरंडीने पगाराबरोबर मालक होण्याची वाटही दाखवली. काल फिटर असलेला माणूस आज कर्ज काढून स्वतःचे मशीन घेतो, हे या शहरात कुणाला नवलाचे वाटत नाही.

रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, तीसगाव ही वाळूज भागातली खेडी. त्यांच्या शिवारात खोल्यांच्या रांगा उठल्या. बजाजनगर वसले. तिथल्या एकेका चाळीत अख्खा मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश नांदू लागला. एका खोलीत तिघे राहायचे आणि तिघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून गादी कधी थंड होत नसे. शेजारीच छोटे पंढरपूर आहे. मोठ्या पंढरपूरला जायला रजा मिळत नाही असा कामगार आषाढी एकादशीला तिथे दर्शन घेतो. गाव सोडलेल्या माणसाला वारी पाळीच्या वेळेत बसवता आली, याचे मोल फार मोठे आहे. १९८६ मध्ये बजाजची एम-एटी बाजारात आली आणि दुधाचे कॅन लटकवून मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर धावू लागली. कंपनीत लागलेला भाऊ आणि एम-एटीवरून दूध घालणारा भाऊ, अशी घरे मग गावोगाव दिसू लागली.

पुढचा प्रवास वेगाने सांगता येईल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी रेल्वे लाइन आली. १९९१ च्या जनगणनेत वस्ती पावणेसहा लाखांच्या घरात गेली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाली. २०११ मध्ये ती ११,७५,११६ झाली. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. शहराने आपली ऐपत देशाला दाखवली. त्याच दशकात पैठण रस्त्यावर चितेगावला मोठा कारखाना असलेली व्हिडिओकॉन कर्जात बुडाली, आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. चितेगावच्या गेटबाहेर पगाराची वाट पाहणाऱ्या कामगारांनी तोच जुना धडा गिरवला. दरबार हैदराबादला गेल्यावर विणकरांनी जो गिरवला होता, तोच. पोट एकाच गिऱ्हाइकावर टाकू नये.

आता बिडकीनची पाळी आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतले शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक हे औद्योगिक नगर होते आहे. त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केले. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथे कारखाना काढण्यासाठी शासनाशी सामंजस्य करार केला. आता १९८५ पुन्हा येणार, असे चहाच्या टपरीवर लोक बोलतात. पुन्हा उतरंड लागेल, पुन्हा शेडी उठतील, पुन्हा पोरे कंपनीत लागतील. मलाही ते हवे आहे.

पण १९८५ मधून नेमके काय घ्यायचे, हे आधी ठरवायला हवे. त्या वर्षी कारखान्याला हवे ते सगळे तयार होते. कारखान्यात येणाऱ्या माणसाला हवे ते तयार नव्हते. कारभारात त्याचा प्रतिनिधी नव्हता, त्याच्या खोलीला नियोजन नव्हते, त्याच्या नळाला पुरेसे पाणी नव्हते. ती उणीव चाळीस वर्षे मागे लागली आहे. शहराच्या अनेक वस्त्यांना आजवर कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले. १,६८० कोटींची नवी पाणीयोजना २०१९ मध्ये मंजूर झाली, तिचा खर्च वाढत गेला आणि काम रेंगाळले. जगाला गाड्या, औषधे आणि सुटे भाग पुरवणाऱ्या शहराच्या गच्चीवर निळे ड्रम रांगेने उभे असतात, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस आधी पाणी आले का हे विचारतो.

पैठण रस्त्याने जाताना हे सारे एकाच वाटेवर दिसते. शहर मागे पडले की चितेगाव लागते, मग बिडकीन, आणि शेवटी नाथसागराचा अथांग फुगवटा. त्या पाण्याखालच्या गावांनी आपले शिवार दिले, म्हणून या वाटेवर कारखाने उभे राहू शकले. धरणाचे पाणी याच भागातून, बिडकीनच्या नव्या प्लॉटांवरून शहराकडे चढत जाते. शहराच्या पहिल्या यंत्रावर दळलेले पीठ वाटसरूंच्या पोटात जात असे. नव्या कारखान्यांच्या कोनशिला बसतील त्या दिवशी तिथे कामाला येणाऱ्या पोरांच्या खोलीतला नळही वाहू लागलेला असावा. मग ‘कंपनीत लागला’ हे शब्द ऐकणाऱ्या आईला पगाराबरोबर एवढीही खात्री होईल, की पोरगा शहरात सुखाने राहतो आहे.